तिसरी प्रत

अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक लहानसा शिलालेख आहे. त्यात शके ९८२ हे वर्ष आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. वालधुनीच्या काठावर ही अक्षरे साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ पाऊस खात उभी आहेत. १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कला शाळेतली माणसे इथे पाठवली. त्यांनी मंदिराची रेखाटने केली आणि कोरीवकामाचे प्लास्टरचे साचे काढून नेले. स्थानिक इतिहासाच्या लेखांत या गोष्टीचा उल्लेख एका ओळीत उरकतो. मला मात्र ती फार मोलाची वाटत आली आहे. दगडासारखी टिकाऊ वस्तू समोर असतानाही कुणाला तरी वाटले, की याची एक प्रत काढावी आणि ती दुसऱ्या गावी ठेवावी.

या लेखाचा विषय मंदिर नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत गेल्या चाळीसेक वर्षांत चालती-बोलती चित्रे कशावर साठवली गेली, त्यासाठी हार्ड डिस्क कशा निवडल्या गेल्या, त्या ‘रेड’ नावाच्या रचनेत कशा बांधल्या गेल्या आणि त्यात काय वाचले, काय गेले, याचा हा इतिहास आहे. विषय दुकानदारी वाटेल. पण इतिहासाचे साधन म्हणजे केवळ कागद आणि ताम्रपट नव्हेत. पन्नास वर्षांनी या भागाचा इतिहास लिहिणाऱ्याला लग्नाच्या, वाढदिवसाच्या, मिरवणुकीच्या आणि मुलाखतींच्या चित्रफिती लागणार आहेत. त्या आज कुठल्या कपाटात, कुठल्या चकतीवर आहेत, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचा आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात नोकरी केली. वाचन आणि भटकंती हेच शिक्षण. २००३ पासून मी जुन्या माणसांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर घेत आलो. उल्हासनगरच्या बराकींत राहिलेली सिंधी कुटुंबे, काडेपेटी कारखान्यातले आणि दारूगोळा कारखान्यातले निवृत्त कामगार, बदलापूरचे जुने भातशेतकरी. पुढे लिहिणार आहे त्यातला बराच भाग चुकीतून शिकलेला आहे.

कॅम्पातली कॅसेट

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तोंडी मात्र आजही ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ हेच पत्ते चालतात.

मुलाखतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. कराचीहून बोटीने येताना भांडी आली, गाद्या आल्या, क्वचित दागिने आले. फोटो मात्र फार थोड्यांनी आणले. घाईत फोटो कोण उचलतो? एका आजींनी सांगितले, की त्यांच्या आईचा चेहरा आता फक्त त्यांनाच आठवतो आणि तोही पूर्वीसारखा नाही. मला वाटते, या शहराने व्हिडिओ शूटिंग इतक्या उत्साहाने स्वीकारले, त्यामागे बाजाराच्या हुशारीबरोबर हेही एक कारण असावे. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण घराघरांत बसून ऐकले की तसे वाटत राहते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रसारण १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आले. त्याच दशकात व्हीएचएस कॅसेट मध्यमवर्गाच्या घरात शिरली आणि लग्नात खांद्यावर कॅमेरा व डोक्यावर हॅलोजन घेतलेला ‘शूटिंगवाला’ दिसू लागला. संकलन म्हणजे तेव्हा दोन डेक आणि एक मिक्सर. मूळ कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे. प्रत्येक उताऱ्यागणिक चित्र थोडे धुरकट व्हायचे. घरी मिळायची ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत. मूळ कॅसेट स्टुडिओत राहायची आणि पुष्कळदा पुढच्या लग्नासाठी पुसली जायची. कोरी कॅसेट महाग होती. त्यात कुणाला चूक वाटत नसे.

१९९५ मध्ये डीव्ही पद्धत आली आणि काही वर्षांत मिनी डीव्ही टेप आपल्याकडच्या स्टुडिओंत रुळली. काडेपेटीहून थोडी मोठी टेप, तासाभराचे चित्रण, आणि चित्र आकड्यांच्या रूपात. फायरवायर केबलने ते संगणकात ‘कॅप्चर’ करायचे. तासाला साधारण १३ जीबी. तेव्हाच्या ४० जीबीच्या डिस्कवर जेमतेम तीन टेपा मावत. म्हणून काम संपले की डिस्क रिकामी करायची आणि टेपा कपाटात ठेवायच्या. त्या काळात हार्ड डिस्क म्हणजे नुसता ओटा होता, कोठार टेपांचे होते. नकळत दोन प्रती होत होत्या: एक टेपेवर, दुसरी गिऱ्हाइकाच्या सीडीवर.

मेमरी कार्डाने ही घडी मोडली. कॅमेऱ्यातले कार्ड डिस्कवर उतरवायचे, कार्ड पुसायचे, पुन्हा वापरायचे. टेप गेली, तशी कपाटातली मूळ प्रतही गेली. ओट्यालाच कोठार व्हावे लागले. हा बदल इतका सोयीचा होता, की त्यातली जोखीम वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही.

स्वस्त चकत्यांची युक्ती

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाईलमधला एक फोटो तेवढी जागा घेतो. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्का अवाढव्य आणि महागच राहिल्या.

१९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे सरळ होते. घरगुती संगणकांसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्का बाजारात आल्या आहेत. एका महागड्या राक्षसाऐवजी अशा अनेक डिस्का एकत्र जुंपाव्यात. वेग वाढेल, खर्च कमी होईल. अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी मरणारच. तेव्हा ताफ्यातली एक मेली तरी माहिती शाबूत राहील अशी जादा सोय हवी. या रचनेचे लघुरूप म्हणजे ‘रेड’. त्यातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता. कंपन्यांनी विकताना तो बदलून ‘स्वतंत्र’ असा केला.

आमच्याकडे या शब्दाची वेगळीच मौज. मी पहिल्यांदा कॅम्पातल्या एका दुकानात ‘रेडसाठी डिस्क पाहिजेत’ म्हणालो, तेव्हा काउंटरवरचा माणूस क्षणभर दचकला. व्यापारी गावात रेड म्हणजे छापा. मग दोघेही हसलो.

युक्ती समजायला वाणसामानाच्या वहीइतके गणित पुरते. तीन डब्यांत ५, ७ आणि ३ असे आकडे ठेवा आणि चौथ्यात त्यांची बेरीज १५ लिहून ठेवा. दुसरा डबा हरवला, तर १५ मधून ५ आणि ३ वजा केले की ७ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी दोन अंकी पद्धतीतली तशीच एक क्रिया असते आणि ही ‘बेरीज’ सगळ्या डिस्कांवर आळीपाळीने विखुरलेली असते. हीच रेड-५.

चार डिस्का, प्रत्येकी ८ टीबीच्या घेतल्या असे समजू. रेड-० मध्ये चारही जोडून ३२ टीबी मिळतात आणि वेग सर्वांत जास्त. पण एक मेली की सगळे गेले. रेड-५ मध्ये २४ टीबी मिळतात आणि कोणतीही एक मेलेली चालते. रेड-६ मध्ये १६ टीबी मिळतात आणि कोणत्याही दोन मेलेल्या चालतात. रेड-१० मध्ये दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीत हुबेहूब प्रती. मिळतात १६ टीबीच. इथेही दोन डिस्का मेलेल्या चालतात, मात्र त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या असाव्या लागतात. लिहिण्याचा वेग रेड-६ पेक्षा चांगला, दुरुस्तीही लवकर, कारण फक्त जोडीदाराची नक्कल करायची असते.

जागेच्या हिशेबाबद्दल एक खुलासा. ८ टीबीची डिस्क संगणकाला जोडली की पडद्यावर ७.२७ दिसतात. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’च्या जुन्या विनोदामुळे गिऱ्हाईक लगेच दुकानदारावर संशय घेते. दुकानदार निर्दोष असतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

मे महिन्यातली एक रात्र

२०१३ मध्ये मी भविष्य निर्वाहातले थोडे पैसे काढून चार खणांची एक पेटी आणि ३ टीबीच्या चार डिस्का घेतल्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या. रेड-५ केली. ९ टीबी जागा मिळाली. २०११ नंतर कार्डावर घेतलेल्या ४१ मुलाखती तिच्यावर ठेवल्या आणि निर्धास्त झालो. कोणी विचारले तर अभिमानाने सांगत असे, ‘रेड आहे, एक डिस्क मेली तरी चालते.’

२०१७ च्या मे महिन्यात एका रात्री पेटीने चिरका आवाज काढायला सुरुवात केली. एका डिस्कचा लाल दिवा लागला होता. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणून बसवली आणि पुनर्बांधणी सुरू केली. खोलीत पंखा लावून बसलो. पहाटेच्या सुमारास दुसऱ्या डिस्कने टक्-टक् असा आवाज दिला आणि ती गप्प झाली. बेरजेच्या वहीत आता दोन आकडे हरवले होते. १५ मधून ५ वजा केले तर १० उरतात. त्यातले ७ कोणाचे आणि ३ कोणाचे, हे कुणीच सांगू शकत नाही.

डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे पेटी नेली. त्यांनी सांगितलेली रक्कम माझ्या वर्षभराच्या पेन्शनएवढी होती आणि खात्री काहीच नव्हती. पेटी घेऊन लोकलने परत आलो.

घरी आल्यावर कपाट उघडले. २००३ ते २०१० मधल्या सुमारे साठ टेपा तिथे होत्या. काही बुरशीने डागाळल्या होत्या, पण बहुतेक वाजत होत्या. जुने, कमी दर्जाचे, मी ज्याला कालबाह्य म्हणत होतो ते राहिले. नवे आणि ‘सुरक्षित’ ते गेले.

आकडे काय सांगतात

माझ्या नशिबाचा भाग म्हणून मी ते सोडून दिले असते. पण स्टोअर्समधली सवय. तुटवडा आला की कारण शोधायचे. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की यात नशीब फार थोडे होते.

२००७ मध्ये दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. एक गुगलच्या संशोधकांचा, एक लाखाहून अधिक डिस्कांवरचा. डिस्कमध्ये स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. तिचे चार संकेत विशेष महत्त्वाचे मानले जातात. गुगलला आढळले, की मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मरण्यापूर्वी त्या चारांपैकी एकही संकेत दिला नव्हता. म्हणजे ‘डिस्क तपासली, ठीक आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

दुसरा अभ्यास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हे गिब्सन म्हणजे १९८८ च्या निबंधाच्या तीन लेखकांपैकीच एक. कंपन्या पत्रकावर दहा लाख तासांचे सरासरी आयुष्य छापतात. त्या हिशेबाने वर्षाला शंभरातली एखादी डिस्कही बदलावी लागू नये. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्का बदलाव्या लागणे ही सामान्य गोष्ट निघाली, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिस्कांचे मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात असे दिसले. एक गेली की दुसरी जाण्याची शक्यता वाढलेली असते. एकाच खोक्यातल्या, एकाच वयाच्या, एकाच उष्णतेत फिरलेल्या माझ्या चार डिस्कांचे उत्तर इथे होते.

त्यात पुनर्बांधणीचा ताण. हरवलेली एक डिस्क पुन्हा लिहायची तर उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने अखंड वाचली तरी अकरा तास लागतात. मधे काम चालू असेल तर दिवस-दीड दिवस. शिवाय साध्या डिस्कांच्या पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की सुमारे साडेबारा टीबी वाचनामागे एखादी जागा वाचता न येणे अपेक्षेच्या मर्यादेत आहे. चकत्या लहान होत्या तेव्हा हा आकडा दूरचा होता. आज चार-पाच मोठ्या डिस्कांची एकच पुनर्बांधणी तो ओलांडते. म्हणून मोठ्या डिस्कांसाठी रेड-५ आता कोणी जाणकार सुचवत नाही.

पाण्याची तीन वर्षे

आमच्या गावांचा इतिहास सांगताना पाणी टाळता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना पाठ आहे. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्यांनी काठ सोडले, आणि बदलापूर-कल्याण पट्ट्यातल्या तळमजल्यांवर पाणी चढले. फोटो स्टुडिओ बहुधा तळमजल्यावरच असतात. नववधूला जिना चढवणे बरे दिसत नाही. चिखलाने भरलेल्या टेपांचे ढीग मी त्या आठवड्यात रस्त्याकडेला पाहिले. कुणाची तरी लग्ने होती ती.

दुसरे वर्ष २०११. तेव्हा पूर इथे आला नाही, थायलंडमध्ये आला. जगातल्या हार्ड डिस्कांचा मोठा वाटा त्या देशात तयार होत असे. ऑक्टोबरात बँग पा-इन आणि नवानाकोर्नच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, कारखाने बंद पडले आणि काही आठवड्यांत डिस्कांच्या किमती दुपटीच्या घरात गेल्या. टेप सोडून कार्डावर येण्याचे आणि डिस्क महाग होण्याचे वर्ष नेमके एकच आले. लग्नसराई तोंडावर होती. अनेक स्टुडिओंनी दुसरी प्रत ठेवणे त्याच हंगामात बंद केले. चाओ फ्राया नदीचे पाणी असे आमच्या कपाटात शिरले.

तिसरे २०१९. २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ती चित्रे देशभर दिसली. त्या वेळी बदलापुरातल्या एका स्टुडिओवाल्या मित्राने मला फोन केला. पहाटेच त्याने पेटी वरच्या मजल्यावर नेली होती, पण वीज अचानक गेल्याने लिहिणे अर्धवट तुटले होते आणि ताफा ओळखच देत नव्हता. रेड-५ आणि ६ मध्ये माहिती लिहून झाली आणि ‘बेरीज’ लिहायची राहिली अशा क्षणी वीज गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो. त्याचा ताफा दोन दिवसांनी उभा राहिला. तेव्हापासून त्याच्याकडे पेटीला वेगळा यूपीएस आहे.

आग, पाणी, चोरी, चुकून पुसले जाणे, संगणकातला विषाणू: या पाचांपैकी एकाही संकटावर रेड हा उपाय नाही. आरशासारखी प्रत ठेवणारी रचना चुकीने पुसलेली फाईलही आरशासारखीच पुसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा जे चित्रपट आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवले गेले होते ते राहिले. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचेच उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ च्या पुनर्निर्मितीतले असावे असे काही अभ्यासक मानतात. आपल्या पहिल्या चित्रपटाची ही गत, तर कॅम्पातल्या हळदीच्या कार्यक्रमाची काय कथा.

डिस्क निवडताना

आता मी काय करतो आणि विचारणाऱ्याला काय सांगतो, ते थोडक्यात. चालू काम आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या कॅमेऱ्यातले फोरके चित्रण साधारण तासाला ४५ जीबी होते. तीन कॅमेरे सहा-सहा तास चालले तर एका लग्नाचे ८०० जीबी. संकलनात तिन्ही एकदम चालवायचे म्हणजे सेकंदाला ३८ एमबीच लागतात, जे एका डिस्कच्या आवाक्यात दिसते. पण डिस्कच्या डोक्याला तीन जागांवर सारखे धावावे लागते, म्हणून चित्र अडखळते. यासाठी चालू काम एसएसडीवर करावे. तिला धावणारे डोके नसते. मात्र वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला ती नाही.

साठवणीच्या डिस्का घेताना लिहिण्याची पद्धत विचारावी. काही डिस्कांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. छपराच्या मधले एक कौल बदलायचे तर आजूबाजूची उचलावी लागतात. तसेच इथे थोडे बदलायला बरेच पुन्हा लिहावे लागते. अशा डिस्का एकदा भरून ठेवायला ठीक, ताफ्यात मात्र पुनर्बांधणीच्या वेळी फार रखडतात. २०२० मध्ये उघड झाले, की ताफ्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्का या पद्धतीच्या होत्या आणि खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या. ती यादी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चार खणांच्या पेटीत रेड-१० किंवा रेड-६ करावी. चारही डिस्का एका खोक्यातल्या घेऊ नयेत. दोन आज, दोन महिन्याने, शक्यतो वेगळ्या बनावटीच्या. पेटीला यूपीएस असावा आणि ती जमिनीवर ठेवू नये. एवढे केल्यावर जे मिळते त्याला मी ‘अखंड काम’ म्हणतो: डिस्क मेली तरी उद्याची डिलिव्हरी चुकत नाही. जतन त्यापुढे सुरू होते.

जतनासाठी पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक हिशेब आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. हे वाचले तेव्हा मला स्टोअर्स आठवले. प्रत्येक रॅकवर मालाचे बिन कार्ड टांगलेले असे आणि त्याच नोंदी ऑफिसातल्या लेजरमध्ये, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या हाताने. आम्ही तीस वर्षे हेच करत होतो. रॅक जळला तरी लेजर राहावे म्हणून. घरी आल्यावर ते शहाणपण मी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत होतो.

कॅम्प तीनमधला पेनड्राइव्ह

२०१७ नंतर मी गेलेल्या ४१ मुलाखतींची यादी केली आणि शोधायला निघालो. नऊ जुन्या संगणकाच्या एका टाकून दिलेल्या डिस्कवर सापडल्या. मग घरोघर फिरलो. मुलाखत झाल्यावर कुटुंबाला एक प्रत द्यायची माझी पद्धत होती, डीव्हीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. त्यात हेतू जतनाचा नव्हता, शिष्टाचाराचा होता.

कॅम्प तीनमध्ये त्या आजींच्या घरी गेलो, ज्यांना आईचा चेहरा आठवत होता. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. नातवाने दार उघडले. मी अवघडत विषय काढला. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह दादीच्या कपाटात आहे. तिच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळ्यांनी बघितला. इंदूरच्या आत्याला पण पाठवला होता.’’ रुमालात बांधलेला तो पेनड्राइव्ह त्याने आणून दिला. मुलाखत अखंड होती.

अशा चौदा परत मिळाल्या. अठरा कायमच्या गेल्या. त्या अठरांतली अकरा माणसे आता हयात नाहीत.

१९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’च्या बऱ्याच फायली चुकीच्या एका आज्ञेने पुसल्या गेल्या होत्या आणि कंपनीचा बॅकअप नीट चालत नसल्याचे त्याच वेळी कळले. गॅलिन सुसमन नावाच्या तंत्रज्ञ बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरची प्रत कामी आली. देहूला मात्र ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेराव्या दिवशी ती कोरडी वर आली, अशी श्रद्धा आहे. वारकरी परंपरा त्याच वेळी संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांचीही आठवण ठेवते, आणि लोकांच्या पाठांतराची तर ठेवतेच.

आज माझ्याकडे एक प्रत अंबरनाथला पेटीत आहे. दुसरी साध्या डिस्कांवर, बदलापूरला बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावर. दर दिवाळीला भाऊबीजेला जातो तेव्हा डिस्का लावून, फायली उघडून पाहतो आणि नव्या भरून येतो. न तपासलेली प्रत ही प्रत नसते, हे मी आता कुणालाही न विचारता सांगतो. तिसरी प्रत ज्याची त्याच्या घरी, रुमालात बांधून. आता ती देताना मी घरच्यांना एवढेच सांगतो, की जमले तर परगावच्या एखाद्या नातेवाइकालाही एक द्या.